तीन मिनिटांचा लाल ठिपका

माझ्या मोठ्या तबकडीच्या आत एक छोटी तबकडी आहे. तिच्यावर, तीनच्या आकड्यापाशी, नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. मोहरीएवढा. मोठा काटा सेकंद मोजतो, छोटा मिनिटे. छोटा काटा ठिपक्यावर येईपर्यंत कुणी पुन्हा धावायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मित्रांनो, मी एक जुने, किल्लीचे स्टॉपवॉच आहे आणि मला भयंकर राग आला आहे.

तो ठिपका म्हाताऱ्या सरांनी लावला. आठशे आणि पंधराशे मीटर धावणारी मुले ते तयार करत. चारशे मीटरच्या सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर तीन मिनिटे विश्रांती. "ही सुट्टी नव्हे रे, व्यायामच आहे," ते सांगत. आठवड्यातून एकदा लांब, एकसारख्या वेगाची धाव असे. तेव्हा ते शेजारून सायकल हाकत ओरडत, "पत्ता सांग!" घरचा पत्ता एका दमात आला, तर वेग बरोबर. वर गप्पाही सुरू झाल्या, तर आळस. नुसता घर नंबर आला, तर, "हळू! शर्यत आज नाही!"

ते निवृत्त झाले आणि नवे सर आले. त्यांना रोजच शर्यत हवी. छोटा काटा दोनवर पोचत नाही, तोच शिट्टी! "दम खायला आलात की धावायला? उठा, महाराणी!" मुले मागे पडली की मला उंच धरून म्हणतात, "घड्याळ खोटं बोलत नाही." विश्रांती यांनी चोरायची आणि साक्षीला मला उभे करायचे!

वेळ नोंदवायला विज्ञानाच्या बाई येतात. वहीत फेरीची वेळ लिहितात आणि समासात, बारीक अक्षरात, विश्रांतीची: १:५०, १:४०, १:३०. संध्याकाळी मला किल्ली देताना पुटपुटतात, "उद्या सांगते त्यांना." पाच आठवडे झाले. माझ्यात तीसच मिनिटे मावतात, बाईंचे 'उद्या' कुठे ठेवू?

आणि टिटवी! पंधरा वर्षांची, लांब पायांची, म्हणून हे नाव. तीन आठवडे झाले, फेरी संपली की ती बुटाची नाडी बांधायला वाकते. नाडी बांधलेलीच असते. ती नडगी दाबत असते.

आज चौथ्या फेरीनंतरही वाकली. दीड मिनिट झाले होते. बाई तिच्यापाशी गेल्या.

"टिटवे, पत्ता सांग."

"एकवीस..." पुढे श्वासच पुरेना.

"पाय दुखतोय?"

"नाही बाई." डोळे मात्र भरलेले. "सर म्हणतात, नाटकं पुरे."

मित्रांनो, माझी काच फुटली तर नवी बसते. तुमच्या नडगीला सुटा भाग मिळत नाही. दुखले तर मोठ्याने सांगा. आणि वही हातात असणाऱ्या मोठ्यांनो, नुसते लिहू नका!

"बाई, काटा शून्यावर घ्या," सर ओरडले. "पाचवी फेरी!"

बाईंचा अंगठा माझ्या बटणावर होता. तो त्यांनी उचलला.

"नाही, सर. लाल ठिपक्याच्या आधी इथे कुणीही धावणार नाही. आणि टिटवी आज धावणारच नाही. तिला मी आत्ता डॉक्टरांकडे नेतेय, आणि ही वही मुख्याध्यापकांकडे."