विंकोची घंटा

नेडा पुन्हा एकदा एकटी घराबाहेर गेली, तर तिची रवानगी थेट वृद्धाश्रमात, असं लेकीने फोनवर निक्षून सांगितलं होतं. मागच्या महिन्यात ती पोर्ट लिंकनच्या धक्क्यावर सापडली होती, झोपायच्या कपड्यांत, ट्यूना मासे धरणाऱ्या बोटींपाशी. तिला आता संसारातलं फारसं काही आठवत नसे. दार उघडायला मात्र ती विसरत नव्हती.

"मी दाराला घंटा बसवतो," तिचा नवरा विंको लेकीला फोनवर म्हणाला.

"दुकानातून आणा की, बाबा!"

"दुकानातली एकदा टिंग करून गप्प बसते, इवाना. मला दार लागेपर्यंत बोंबलणारी पाहिजे. मीच करतो."

बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म घालवलेल्या माणसाने हे नसते उद्योग कशाला करावेत? पण बायको आपल्याच घरात राहावी, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. संगणकावर त्याने सर्किटचा नकाशा काढला, गुळगुळीत कागदावर छापला, तांबं चढवलेल्या पाटीवर पालथा घालून गरम इस्त्रीने दाबून शाई तिच्यावर उतरवली. मग पाटी तपकिरी रसायनात बुडवली. नको ते तांबं विरघळलं, शाईखालच्या रेघा तेवढ्या उरल्या. आणि बघतो तर सगळं उलटं! पालथ्या कागदावरचं पाटीवर उलटं उमटतं, हे गडी साफ विसरला होता.

"तुझी घंटा दार बंद केल्यावर वाजेल बघ!" शेजारचा केल्विन खो खो हसला.

विंकोने दुसरी पाटी केली. भोकं पाडली, सुट्या भागांचा एकेक पाय जपून डाख देऊन बसवला. शनिवारी सकाळी दाराला लावून त्याने दार उघडलं. ढिम्म! मीटर लावून पाहिलं, भोंग्यापर्यंत वीज व्यवस्थित येत होती. भोंगा बदलला. तरी ढिम्म. इवाना दुपारी घंटा बघायला येणार होती.

तेवढ्यात नेडा कानांवर हात दाबून रडतच बाहेर आली. "त्या पोरांना गप्प कर ना! किती किंचाळतात!"

"कुठली पोरं? कोणी नाहीये गं," तो खेकसला. हिचं आता फारच बिघडलं, असं त्याला वाटलं.

दार उघडंच होतं. गाडी थांबली आणि इवाना कानांत बोटं घालून आत आली.

"बाबा, बंद करा ते!" ती ओरडली. "पार कोपऱ्यापर्यंत ऐकू येतंय!"

"काय?"

"अहो, घंटा!"

विंकोने तार काढली. दोघींनी एकदमच हात खाली घेतले. त्याने तार पुन्हा लावली, दोघींचे हात पुन्हा कानांवर. इंजिनांनी तुमचे कान खाल्ले, बारीक आवाज तुम्हाला ऐकूच येत नाहीत, असं इवाना किती वर्षं सांगत होती, आणि तुम्हीच पुटपुटता, असं तो वर तोंड करून म्हणायचा. या वेळी पाटीत एकही चूक नव्हती. त्याने तार काढून टाकली.

"बाबा, घंटेऐवजी दिवा लावू या," इवाना त्याच्याजवळ येऊन म्हणाली.

"आणि मी झोपल्यावर दिवा कोण बघणार?"

विंको नेडाजवळ बसला.

"तू खरं बोलत होतीस गं," तो म्हणाला. "मीच ओरडलो तुझ्यावर." मग लेकीकडे न बघताच म्हणाला, "तिचे लोकरीचे मोजे भर बॅगेत. रात्री पाय गार पडतात तिचे, तिथल्या लोकांना सांग."