फणसावरून मोजलेली फायनल

आमच्या चेरिप्पाडमात दोन गोष्टी कुणाला विचारू नयेत. एक, मागच्या निवडणुकीत मत कुणाला दिलंस. आणि दुसरी, पहिली मॅच कुठली बघितलीस. पहिलीला माणूस उत्तर देत नाही आणि दुसरीचं उत्तर संपत नाही.

मी मूळचा इथला नव्हे, विट्याकडचा. चौदाव्या वर्षी मामाच्या गलाईच्या दुकानात सोनं आटवायला आलो तो इथंच रुजलो. माझं नाव रंगराव आहे हे आता बायकोशिवाय कुणाच्या ध्यानात नाही. मलबारात गलाईवाला मराठी माणूस म्हणजे सेटू, म्हणून मीही सेटू. भट्टीनं भुवया जाळल्या आणि फुटबॉलनं उरलेलं डोकं. गावी जत्रेला गेलो तर कुस्त्यांच्या फडात बसूनसुद्धा माझं ध्यान इथल्या मैदानावर असतं, आणि चुलतभाऊ म्हणतात की हा कामातून गेला.

आमचा फुटबॉल सात-सात गड्यांचा. अकरांचा असतो तो टीव्हीवर. भातकापणी झाली की शेत सपाट करायचं, सुपारीच्या खोडांची गॅलरी बांधायची, फुकट्यांना दिसू नये म्हणून भोवती नारळाच्या झापांचा आडोसा करायचा आणि सात विरुद्ध सात उतरवायचे. त्यातले निम्मे गडी बाहेरून बोलावलेले. आज या संघात, उद्या त्या संघात. कधीकधी एका संघातल्या गड्यांना एकमेकांची नावंही ठाऊक नसतात.

या आठवणींची बैठक भरायची ती बियात्तूच्या टपरीवर. मैदानाच्या वाटेवरच तिची टपरी आहे. केळ्याची भजी, लिंबू पिळलेला कोरा चहा. आम्ही सगळे तिला इत्तात्ता म्हणतो, म्हणजे थोरली बहीण, मग म्हणणारा तिच्यापेक्षा मोठा का असेना. मी तिच्याहून तीन वर्षांनी मोठा आहे आणि तीच मला दटावते.

आणि सगळ्यांची पहिली मॅच एकच. पन्नास वर्षांपूर्वीची फायनल, आमचे चेरिप्पाडम ब्रदर्स विरुद्ध कोळिकोडचे मरिनर्स. जो तो म्हणतो मी होतो. गॅलरी चार हजारांची, आणि होतो म्हणणारे आजवर दहा हजार तरी भेटले असतील. मी मात्र खरंच होतो. मामानं खांद्याला धरून नेलं होतं.

तर झालं असं. हाफटाइमला एक-एक. दुसऱ्या डावात पाचच मिनिटांत मरिनर्सनी गोल ठोकला. आमच्या गॅलरीत मयत झाल्यासारखी शांतता. ब्रदर्स चेंडू मधोमध आणून ठेवत होते, तेवढ्यात कुणीतरी पोरगं ओरडलं, "आठ आहेत! मोजा, आठ आहेत!" मग सगळी गॅलरी ओरडायला लागली. रेफरीनं शिट्टी फुंकली, बोट नाचवत मरिनर्सचे गडी मोजले, आणि खरोखरच आठ निघाले. हाफटाइमला लंगडणाऱ्या गड्याच्या बदली एकजण आत आला होता आणि लंगडणारा पायाला पट्टी बांधून तसाच परत उतरला होता. गोल रद्द झाला. शेवटच्या मिनिटाला आमच्या लोकांनी दुसरा गोल केला आणि फायनल आमची झाली. त्या रात्री मामानं मला घरी नेलं ते खांद्यावर बसवून, आणि मी काही तेव्हा कडेवरचं पोर नव्हतो.

तो ओरडणारा मुलगा कोण, हा आमच्या गावचा पन्नास वर्षांचा प्रश्न. यंदा फायनलला पन्नास वर्षं झाली म्हणून कमिटीनं ठरवलं, की त्या मुलाला शोधायचा, आणि यंदाच्या फायनलला पहिली किक त्यानं मारायची. मॅचही जुन्या वेळेला, दुपारी साडेचारला. कमिटीचा सेक्रेटरी शौकत वही घेऊन टपरीवर बसला. तीन नावं आली. लाकडाच्या वखारीचे पोक्कर हाजी, रिटायर झालेले वासू मास्तर, आणि तिसरा मी.

आता खरं सांगून टाकतो. तो मी नव्हतो. पण साफ खोटंही म्हणता येत नाही, कारण ओरडलो तर होतोच. पोरांना लहानपणी गोष्ट सांगताना "एक मुलगा ओरडला" म्हणायचो. धाकट्यानं विचारलं, "बाबा, तुम्हीच ना?" आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं. एकदा निघालेला हो पुढं वीस वर्षं सांभाळावा लागतो. नातवंडं झाली तसा तो आणखी जड झाला.

शौकत वही मिटणार तोच कढईमागून बियात्तू म्हणाली, "माझंही नाव लिही."

सगळे हसले. पोक्कर हाजी म्हणाले, इत्तात्ता, तू तेव्हाही भजीच तळत असशील. ती म्हणाली, मी अकरा वर्षांची होते. वासू मास्तरांनी वर्गात विचारावं तसं विचारलं, की त्या काळी पोरींना झापांच्या आत सोडत होतं कोण?

"आत होते असं मी कुठं म्हणते?" बियात्तू म्हणाली. "बाहेरच्या फणसावर होते."

आणखी मोठा हशा झाला. फणसबिणस तिथं आता काही नाही, रस्ता रुंद झाला तेव्हाच गेला. मास्तर म्हणाले, सगळं गाव सांगतंय गॅलरीतून आवाज आला, आणि हिचं आपलं झाड. शौकतनं नाव लिहिलं नाही. बियात्तू कढईकडं वळली. फक्त त्या दिवशी आम्हा चौघांच्या चहात साखर नव्हती, आणि तो मुकाट्यानं पिण्यावाचून इलाज नव्हता.

मला तो चहा बिनसाखरेचाही कडू लागला नाही, इतकं तोंड आधीच कडू झालं होतं. कारण मी गॅलरीच्या कुठल्या टोकाला बसलो होतो हे मला पक्कं आठवत होतं. मरिनर्सच्या गोलमागं, अगदी वरच्या फळीवर. आणि तो पहिला आवाज माझ्या पाठीमागून आला होता. गॅलरीच्या वरच्या फळीच्या पाठीमागं काय असतं? झाड नाही तर आकाश. मी तो आवाज ऐकला आणि मग ओरडलो, माझ्यामागं बाकीचे. पन्नास वर्षं हे मला ठाऊक होतं आणि इतकी वर्षं मी तिची भजी खात होतो. लाज वाटली, सरळ सांगतो.

दुसऱ्या दिवशी टपरीवर कुणी नव्हतं तेव्हा मी तिला म्हटलं, किकचं एवढं काय घेऊन बसलीस, गुडघे तुझे आधीच बोलतात. ती भजी उलटत म्हणाली, "किक जाऊ दे रे सेटू. इथं रोज बसून तुम्ही सगळे आपापली पहिली मॅच सांगता, मी ऐकते. मलाही एक पहिली मॅच आहे, एवढं तरी माना."

मग तिनं सांगितलं, की आजवर ती एकदाही झापांच्या आत गेलेली नाही. लग्न झालं, पोरं झाली, आता तर बायकांना वेगळी गॅलरी झाली, सुना-नाती जातात. पण ही बाहेर बसून नुसत्या आरड्यावरून स्कोअर ओळखते. जायचं तर जिची मॅच आहे ती म्हणून जायचं, नाहीतर कढई काय वाईट आहे, असा तिचा हट्ट. मी खाली मान घालून दुकानात आलो. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचं सोनं मी दोनदा आटवलं.

फायनलच्या दिवशी सकाळी कमिटीनं कोळिकोडहून एक पाहुणा आणला. आलीकोया. मरिनर्सचा त्या दिवशीचा बदली गडी, म्हणजे तोच जादाचा आठवा. सत्तरी उलटलेली, अंगानं वाळलेला, पण चाल अजून खेळाडूची. निवाडा त्यानं करायचा होता. आणला तो टपरीवरच, कारण पाहुण्याला दुसरं कुठं नेणार?

चहा पिऊन झाल्यावर त्यानं आधी स्वतःचंच सांगितलं. मी आत आलो तेव्हाच मोजलं होतं, म्हणाला. आठ आहोत हे मला कळलं होतं. बाहेर जा म्हणून कुणी म्हणालं नाही आणि मीही गेलो नाही. विशीतला होतो, पहिलीच फायनल होती. ते पोरगं ओरडलं तेव्हा राग आला, आणि जिवावरचं ओझं उतरल्यासारखंही वाटलं. मी मागं आपल्या गोलपाशीच होतो, त्यामुळं आवाज कुठून आला ते मला माहीत आहे. शौकतनं घाईघाईनं विचारलं, की कुठून? म्हातारा पक्का निघाला. तो म्हणाला, मी नाही सांगणार. ज्यानं आवाज दिला त्यानं एवढंच सांगावं, की त्या वेळी त्याच्याजवळ काय होतं.

पोक्कर हाजी म्हणाले, शेंगांची पुडी. आलीकोयानं नाही म्हणून मान हलवली. वासू मास्तरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, छत्री. पुन्हा मान हलली. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझा धाकटा मुलगा आणि त्याची दोन पोरं टपरीच्या दारात उभी होती, आजोबा किक मारणार म्हणून नवे कपडे घालून. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात तो असा समोर येऊन उभा राहतो. मी बियात्तूकडं पाहिलं. ती पीठ कालवत होती आणि तिचा हात थांबला होता.

"तो मी नव्हतो," मी म्हटलं. "आवाज माझ्या पाठीमागून आला. गॅलरीच्या बाहेरून, वरून. मी त्याच्यामागून ओरडलो. शौकत, माझं नाव खोड आणि तिथं इत्तात्ताचं लिही."

मुलाच्या तोंडाकडं पाहायची माझी छाती झाली नाही. मास्तर काहीतरी पुटपुटले. आलीकोया वळला आणि त्यानं बियात्तूला विचारलं, की बाई, तुझ्याजवळ काय होतं?

"शेळ्या," ती म्हणाली. हात पिठातच होते. "सात शेळ्या. फणसाच्या बुंध्याला बांधल्या होत्या. संध्याकाळी सात मोजून घरी न्यायच्या, एक कमी भरली तर बाप पाठ सोलायचा. सात म्हणजे किती हे मला बघताक्षणी कळायचं. हाफटाइमनंतर तुमचे गडी पाहिले आणि सात जुळेनात, एक जास्तच होत होता. पुन्हा पुन्हा मोजले. गोल झाला तेव्हा राहवलं नाही." तिनं पुन्हा पीठ कालवायला घेतलं. "आणि एक काळी शेळी दोर सोडवून झापांतून गॅलरीखाली शिरून तुमच्या गोलची जाळी चघळत होती. तुमचा गोलकीपर तिला चप्पल दाखवत होता."

आलीकोया उठून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते, पण तो हसत होता. "पन्नास वर्षं मी लोकांना त्या शेळीचं सांगतोय," तो म्हणाला, "आणि पन्नास वर्षं मला कोणी खरं मानत नाही."

मग जे हसणं सुटलं ते बियात्तूपासूनच सुटलं. हसता हसता तिनं पदराला डोळे पुसले आणि सगळ्या तोंडाला पीठ लागलं. पोक्कर हाजींनी, माणूस हेकट पण मनाचा मोठा, तिच्यापुढं कप धरला आणि म्हणाले, इत्तात्ता, आज आम्हाला साखर मिळेल का? माझी धाकटी नात माझं बोट ओढत विचारत होती, की मग आजोबा, तुम्ही काय केलं? मी म्हटलं, बाळा, मी मागून ओरडलो. तिला तेवढं पुरलं. एवढं सोपं होतं ते, आणि मी उगाच वीस वर्षं वाहिलं.

चारला तिनं टपरी बंद केली. सूनबाईनं काढून दिलेली पांढरी कोरी ओढणी डोक्यावर घेतली आणि कमिटीच्या लोकांच्या पुढं, झापांच्या दारातून ती आत गेली. दारात क्षणभर थांबली. आतून मैदान केवढं दिसतं, असं ती शौकतला म्हणाली म्हणे, वरून एवढंसं वाटलं होतं. माइकवाल्यानं गावाला सांगून टाकलं, की तो मुलगा म्हणजे आपली इत्तात्ता, आणि सहा हजारांची गॅलरी अशी उठली की सुपारीची खोडं करकरली. मी माझ्या जागी होतो, वरच्या फळीवर, घसा आधीच बसलेला.

मधोमध चेंडू ठेवला होता. फोटोवाले वाकले. तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या, पण किक मारली नाही. तिनं उजवा हात वर केला आणि बोटानं आमच्या गड्यांकडं दाखवत म्हणाली, एक. माइकवाल्यानं माइक तिच्या तोंडाशी नेला. दोन, ती म्हणाली, तीन. चौथ्याला बायकांच्या गॅलरीतून तिच्या नातींनी आवाज धरला, पाचव्याला सगळ्या बायकांनी, सहाव्याला सगळ्या मैदानानं. आमच्या गोलकीपरनं स्वतःच हात वर केला, आणि तो सातवा. मग दुसरा संघ, पुन्हा एकपासून. सात भरले. तिनं समाधानानं मान हलवली, जशी त्या काळी शेळ्या भरल्यावर हलवत असेल, आणि अनवाणी पायानं चेंडू असा हाणला की रेफरीला बाजूला उडी मारावी लागली.

मीही मोजत होतो, फाटक्या घशानं, नातीला खांद्यावर घेऊन. या खेपेलाही तिच्या मागूनच ओरडलो. फक्त या खेपेला कुणाच्या मागून ओरडतोय ते साऱ्या गावाला ठाऊक होतं.