एप्रिलात कात्री मिळायची नाही

मित्रांनो, ओरडून विचारू नका, ऐकू येतं मला. अंगणातल्या मोरीशेजारी, खिळ्यावर लटकलेली, एका पात्याला खाच पडलेली जुनी छाटणीची कात्री, ती मीच. बडबड्या माणसाची जीभ कात्रीसारखी चालते असं तुम्ही म्हणता ना? माझी आता तशी चालत नाही. थकले बाबांनो. एकदाच सांगते, नीट ऐका. परत परत सांगायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही.

माझा जन्म दिंडोरीच्या लोहाराकडचा. ट्रकचा मोडका पाटा तापवून, ठोकून त्याने माझी पाती काढली, मधे स्प्रिंग बसवली आणि बाजारच्या दिवशी मला गोणपाटावर मांडलं. तिथून मला खंडेरावांनी उचललं. खंडेराव नोकरीला ओझरच्या विमान कारखान्यात, पण जीव द्राक्षबागेत. सुट्टी मिळाली की भावाच्या बागेत छाटणीला हजर.

द्राक्षाच्या वेलीला वर्षातून दोनदा छाटतात. द्राक्षं उतरली की एप्रिलात खरड छाटणी, म्हणजे वेल अगदी बोडकी करायची. मग ऑक्टोबरात दुसरी छाटणी, फळासाठी. कापलं की काडीच्या टोकातून थेंब थेंब पाणी गळायचं. मजूर बाया म्हणायच्या, वेल रडतेय. छाटणीच्या पहिल्या दिवशी मात्र माझा मान मोठा असायचा. पहिल्या वेलीला हळदकुंकू, मला हळदकुंकू, नारळ फुटायचा, आणि घरातला थोरला माणूस वेलीपुढे हात जोडून म्हणायचा, "आई, हात लावतोय, राग मानू नको." मगच मी चालायचे. "खंडूच्या कात्रीचा काप बघा, लोण्यागत!" असं लोक म्हणायचे. ऐकून बरं वाटायचं. तेव्हा अंगात दमही होता.

पुढे खंडेरावांनी नाशकात, आडगाव नाक्याच्या पलीकडे घर बांधलं आणि मी बागेतून अंगणात आले. खंडेरावांच्या बायको लंकाबाई. घर दोघांचं, पण अंगण एकट्या बाईंचं. आणि अंगण कसलं, बारा महिने नुसती वर्दळ! पावसाळ्यात तेरडा आणि गुलबक्षी फुलायची, विटांखालून बेडूक ओरडायचे, गोगलगायी सदाफुलीचा फडशा पाडायच्या. दिवाळी सरली की शेवंतीचे दिवस. नाशकाची ती बोचरी थंडी, भिंतीवर ऊन खात बसलेला सरडा, जास्वंदीत चोच खुपसणारे एवढेएवढेसे सूर्यपक्षी. उन्हाळ्यात मोगरा. पण बाईंचा जीव होता तो जुईत. माहेराहून, देवळ्याहून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली ती एक काडी. बाईंच्या आईने दिली होती, आणि आई त्याच वर्षी गेली. काडी रुजली, मांडवावर चढली. पावसाळ्यात संध्याकाळी बाई कळ्या खुडायच्या, गजरा माळायच्या आणि म्हणायच्या, "आईचा हात फिरल्यागत वाटतं डोक्यावरनं."

आता त्या एप्रिलचं सांगते. सांगायला नको वाटतं, पण त्याशिवाय गोष्ट पुढे जायची नाही. साल पंच्याण्णव. कारखान्याला सुट्टी होती. खंडेराव मला घेऊन जुईपुढे उभे राहिले.

"अहो, आत्ता नका," बाई धावत आल्या. "कळी धरायचे दिवस हायेत."

"वेल ती वेल! खरड छाटणी एप्रिलातच करायची असती. पावसात बघ कशी फुटती ते."

"द्राक्षाचं द्राक्षाला. ही माझी जुई हाय."

"लहानपणापासून छाटतोय मी. मला नको शिकवू."

पालथ्या घड्यावर पाणी! खंडेरावांनी मला चालवलं आणि बघता बघता मांडव उघडा पडला. शेवटची फांदी बाजूला झाली तेव्हा एका बेचक्यात वाटीएवढं घरटं दिसलं. बुलबुलाचं. आत तीन पिल्लं, डोळेसुद्धा न उघडलेली, आणि वर एप्रिलचं रणरणतं ऊन. बुलबुलाची जोडी तारेवर बसून जिवाच्या आकांताने ओरडत होती. खंडेरावांचा हात जागच्या जागी थांबला.

"थांबा, छत्री आणते. वरनं बांधू," म्हणत बाई घरात पळाल्या.

तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीवर भारद्वाज येऊन बसला. तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा. तो दिसला की दिवस चांगला जातो, हे तुमच्याही घरी म्हणत असतील. खंडेराव तर या बाबतीत पक्के. "अगं लंका, भारद्वाज आलाय! दर्शन घे, शुभ असतं!" असं म्हणून त्यांनी मला खाली ठेवलं, हात जोडले आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा भारद्वाज घरट्यावर होता. खंडेराव "हाड, हाड" करत धावले, दगड उचलला, पण घरटं रिकामं झालं होतं. अरे देवा, पोटासाठी तो पक्षी जे करतो तेच त्याने केलं. पानं असती तर त्याला काही दिसलं नसतं, इतकंच.

बाई छत्री घेऊन बाहेर आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तिकडं बागेत हात जोडून, विचारून कात्री लावता. माझ्या जुईला विचारलंत का हो? निदान पानं बाजूला करून बघायचं तरी."

बाईंनी मला उचललं आणि या खिळ्याला अडकवलं. "हिला परत जुईला लावायचं नाय." झालं! त्या दिवसापासून माझी छाटणी संपली. कधी सुतळी काप, कधी दुधाची पिशवी, कधी केबलची वायर. माझ्यासारखीने वायरी कापायच्या! तिथेच ही खाच पडली. पावसाचं पाणी अंगावरून जायचं, गंज चढायचा. कोणी विचारत नव्हतं.

जुई मात्र जगली. पण बाईंनी तिला असं जपलं, असं जपलं की वाळकी काडीदेखील कोणाला मोडू देईनात. वर्षं गेली. जुईचं खाली नुसतं लाकूड झालं आणि पाला चढला गच्चीवर. चार फुलं यायची तीही वरच. इकडे बाईंचे गुडघे गेले, त्यांना जिना चढवेना. खंडेराव आता निवृत्त झालेले. ते वर जाऊन मूठभर कळ्या आणून द्यायचे. मग एका पावसाळ्यात ते रिकाम्या हाताने खाली आले.

"एकबी नाय गं."

बाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. "आईची तेवढीच खूण राहिली होती," त्या म्हणाल्या, "तीबी चालली." मला खिळ्यावर फार वाईट वाटलं.

त्या हिवाळ्यात, जानेवारीत, बाई भिंतीला धरत धरत मोरीपाशी आल्या. मला काढलं, विटेवर घासलं, खोबरेल तेल लावलं आणि खंडेरावांपुढे धरलं. "छाटा."

"मी? नाय, नाय. माझ्या हातनं नाय व्हायचं."

"तुमच्याच हातनं व्हायचं. तुम्ही नको तेव्हा कापली, मी पाहिजे तेव्हा कापू दिली नाय. दोघांनी मिळून वाटोळं केलं तिचं."

खंडेराव घरात गेले, हळदकुंकवाची कोयरी घेऊन आले. जुईच्या बुंध्याला बोटं टेकवली, हात जोडले आणि म्हणाले, "सासूबाई, हात लावतोय. राग मानू नका."

बाईंनी पदर तोंडाला लावला. ढसाढसा रडल्या हो, त्या एप्रिलात राहिलेलं सगळं रडल्या.

मग मी चालले. खंडेरावांची कंबर धरत होती, माझी स्प्रिंग कुरकुरत होती. दोघंही म्हातारे! पण प्रत्येक फांदीआधी ते पाला बाजूला करून आत बघायचे, मगच कापायचे. ते जुनं बेचकं त्यांनी राखलं.

पावसाळ्यात जुई बुंध्यापासून फुटली. खिडकीच्या उंचीवर कळ्या आल्या. बाईंनी खुर्चीवर बसून, स्वतःच्या हाताने त्या खुडल्या, गजरा केला आणि पांढऱ्या केसांत माळला. "आली गं बाई," एवढंच म्हणाल्या.

आणि पुढच्या एप्रिलात त्याच बेचक्यात बुलबुलाने घरटं बांधलं. खंडेरावांनी वर काळी छत्री बांधली आणि समोर खुर्ची टाकून राखण धरली. एकदा भारद्वाजही भिंतीवर येऊन बसला. खंडेरावांनी हात जोडले, दर्शन घेतलं, पण डोळे टक्क उघडे ठेवून! शेजारचा रंगनाथ फाटकातून म्हणाला, "काका, कात्री द्या की. कुंपणाची मेंदी लय वाढलीय."

"एप्रिलात कात्री मिळायची नाय," खंडेराव म्हणाले. "पिल्लं उडू दे, मग ये. आणि तवाबी आधी आत बघून मग काप."

तर मित्रांनो, गोष्ट संपली, मलाही आता टेकू द्या. तुमच्या अंगणात वेल वाढली, तर मला जरूर न्या, तेल लावा, गंजू देऊ नका. पण चालवण्याआधी एकदा पानं बाजूला करून आत बघा. तोवर मी खिळ्यावर थांबते. घाई नेहमी तुमच्या हाताला असते, मला कधीच नव्हती.