हिराच्या नावापुढचा शेरा

मित्रांनो, माझ्या पुठ्ठ्यावरचे नाव पुसट झाले आहे, म्हणून मीच सांगते. मी कुसाळवाडी गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. पुढच्या पानांवर गावात जन्मलेली माणसे, मागच्या पानांवर गेलेली. आता पुण्यातल्या एका कचेरीत मला लाल रुमालात बांधून ठेवले आहे.

माझ्यात नोंदी करायचे ते महिपती पाटील. लिपी मोडी, अक्षर टपोरे. १९४३ साली गावात पटकीची साथ आली. उलट्या-जुलाबांनी घरेच्या घरे आडवी झाली. एके सकाळी कोंडीराम नावाचा शेतमजूर पाटलांच्या ओसरीवर येऊन बसला. कडेवर तीन वर्षांचा मुलगा होता, रावसाहेब.

"हिरा गेली," कोंडीराम म्हणाला. हिरा त्याची बायको.

"शेवटी जवळ कोण होतं?" पाटलांनी विचारले.

"कुणी न्हाई. दुखणं लागलं तसं तिनं दाराला आतनं कडी घातली. म्हनली, पोराला घिऊन रानात जावा, मागं फिरू नगा. म्या गेलो, पाटील. रातभर मागं न्हाई फिरलो. सकाळी दार मोडलं, तवर ती गेल्याली."

पाटलांनी नोंद केली. मग थोडे थांबून शेऱ्याच्या रकान्यात आणखी एक ओळ लिहिली. त्या दिवसापासून ती ओळ माझ्यापाशी आहे.

घरी मात्र भलतेच घडले. मुलगा आईसाठी रडून रडून हैराण करी. त्याला गप्प करायला त्याची आत्या शकू एकदा बोलून गेली, "तुझी आय तुला टाकून गेली." कोंडीरामने ते ऐकले आणि तो काहीच बोलला नाही. बायकोला एकटी सोडून आल्याची शरम त्याच्या तोंडावर बसली होती. पुढे तो वारला, तेव्हाही ती उठली नाही.

गावची दप्तरे पुण्याला आली, त्यांत मीही आले. १९६२ साली रावसाहेब जन्मतारखेच्या दाखल्यासाठी त्याच कचेरीत आले. एका वयस्कर कारकुनांनी मला उघडून त्यांचा जन्म वाचून दाखवला.

"आईवडील हयात आहेत?" कारकुनांनी विचारले.

"वडील गेले. आई असेल कुठेतरी. मला टाकून गेली."

"मागं मृत्यूच्या नोंदी आहेत. बघू का?"

त्यांचे बोट माझ्या मागच्या पानांत शिरलेही होते.

"नको," रावसाहेब म्हणाले.

मी मिटले. मी निर्जीव वस्तू, मी काय करणार, असे तुम्ही म्हणाल. मीही साठ वर्षे स्वतःला तेच सांगत आले. पण खरे माझ्या पोटात होते आणि ज्याचे ते होते तो माणूस माझ्यापासून हातभर अंतरावरून उठून गेला. ही टोचणी वाळवीपेक्षा वाईट.

परवा ते पुन्हा आले. वय चौऱ्याऐंशी. सोबत नात उत्कर्षा. घराण्याचा माग काढण्यासाठी ती हौसेने मोडी शिकली आहे. पणजोबा तिला शाळेच्या दाखल्यात सापडले, सातबाऱ्यावर कूळ म्हणून सापडले. पणजी कुठेच नव्हती.

"शोध बाई, शोध," आजोबा म्हणाले. "टाकून गेलेल्या बायकांची सरकार पावती ठेवत असेल, तर मिळेल."

कचेरीतल्या शर्मिलाबाईंनी रुमाल सोडला. उत्कर्षाने मला मागच्या बाजूने उघडले आणि पानामागून पान वाचत गेली. एका पानावर तिचे बोट थांबले.

"हिरा कोम कोंडीराम. कोम म्हणजे बायको. वय बावीस. पटकी." ती पुढच्या रकान्याकडे वळली. "शेरा आहे, आजोबा. 'मूल वाचावे म्हणून दार आतून लावून घेतले. नवऱ्यास मुलासह रानात धाडले.'"

रावसाहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवले.

"बावीस," ते म्हणाले. "तू आता तेविसाची ना?"

"हो."

"बासष्ट साली मी इथे आलो होतो. इथले कारकून हेच पान उलटणार होते. मी नको म्हणालो. जन्मभर घरात तिचं नाव काढू दिलं नाही मी कुणाला."

"तुम्हाला खोटंच सांगितलं होतं, आजोबा."

"सांगितलं एकदा. धरून मी बसलो."

त्यांनी नोंदीची नक्कल मागितली. शर्मिलाबाईंनी अर्ज पुढे केला. 'मयताशी नाते' या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला. मग त्यांनी लिहिले, 'मुलगा'.

निघताना त्यांनी मला हात जोडले. तो नमस्कार मला सोसला नाही. एवढी वर्षे त्यांची आई मी दाबून ठेवली होती, आणि ते माझेच उपकार मानत होते.

मित्रांनो, आम्हाला ओल आणि कसरीपासून जपा, एवढेच मागून माझे भागत नाही. आम्हाला उघडा. आमची लिपी शिका. आम्ही आपण होऊन बोलत नाही, आणि शरमेने गप्प झालेली तुमच्या घरातली मोठी माणसेही बोलत नाहीत. त्यांना ती असेपर्यंत विचारा. कुणी पान उलटू लागले, तर 'नको' म्हणू नका.