मांडीवरचं सूप

मला राग लवकर येतो. शाळेतल्या पोरी मागून मला मिरचीबाई म्हणतात, ते मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण समता शाळेतून कशी गेली असं कुणी विचारलं की माझा आवाज चढतोच. म्हणून आधीच सांगून ठेवते, चढला तर चढू दे.

मी कर्नाटकातल्या निपाणीत मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. शाळेमागची गल्ली सगळी बिड्या वळणाऱ्या बायकांची. मुकादमाकडनं टेंभुर्णीचं पान आणि तंबाखू आणायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळत बसायचं, संध्याकाळी बिड्या मोजून द्यायच्या. ठरलेला आकडा भरला नाही तर बिडी कामगाराचं कार्ड जातं. कार्ड गेलं की काम गेलं, दवाखाना गेला, मग त्या घरानं काय खायचं ते कुणी विचारत नाही.

समता त्याच गल्लीतली, दहावीत. बाप नाही. आई सुलाबाई, जन्म गेला बिड्या वळण्यात. दिवाळीनंतर समता शाळेत यायची बंद झाली. मी दोन-चार दिवस वाट बघितली आणि मग तणतणत तिच्या घरी गेले.

दार उघडंच होतं. समता मांडीवर सूप घेऊन बसली होती. सुपात तंबाखू, भिजवलेली पानं, कात्री, दोरा. पुढ्यात माझंच विज्ञानाचं पुस्तक उघडं, पान उडू नये म्हणून त्यावर दोऱ्याचं रीळ ठेवलेलं. पोरगी पान कापत कापत वाचत होती. मला बघून ती उठायला गेली आणि सूप कलंडता कलंडता राहिलं.

"पोरीला घरात का बसवलंय, सुलाबाई?" मी दारातनंच सुरू केलं. "दहावीचं वर्ष आहे. डोकं ठिकाणावर आहे का?"

सुलाबाईनं मला हात दाखवले. बोटांची पेरं सुजून टम्म झालेली. "माझी बोटं वळंनात, बाई. आकडा भरंना. तिनं हात लावला न्हाय तर कार्ड जातंय. शाळा सोड म्हणाय मला काय हौस हाय? पर तिला हात दोनच हायत की." एवढं बोलताना तिला खोकला आला तो थांबेचना. समतानं उठून पाणी दिलं आणि परत बसली.

भांडायला गेलेली मी, तशीच शाळेत परत आले. हेडमास्तर आण्णाप्पा सरांना सगळं सांगितलं. सर चिकोडीकडचे, मे महिन्यात रिटायर होणार होते. कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग सूप घेऊन येऊ दे तिला."

"कुठं?"

"शाळेत. हात गुंतलेत पोरीचे, कान मोकळे आहेत. मागच्या खोलीत बसवू. तुम्ही वाचून दाखवा, ती वळेल."

मी म्हटलं, "सर, शाळेत तंबाखू आणायची? तुम्हाला काय झालंय?"

"मंगलबाई, तंबाखू तिच्या मांडीवर आहेच. घरी बसली तर नुसती तंबाखूच राहील."

यावर मी बराच वेळ बडबडले. सर खाली मान घालून ऐकत राहिले. शेवटी माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता, तेव्हा कबूल केलं.

तर असं ठरलं. सकाळचे तास समतानं सगळ्यांबरोबर करायचे. दुपारच्या जेवणानंतर ती मागच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत सूप घेऊन बसायची आणि आम्ही मास्तर-मास्तरणी आळीपाळीनं तिला मोठ्यानं वाचून दाखवायचो. खिडक्या सताड उघड्या. तोंडाला ओढणी बांधल्याशिवाय मी तिला बसू द्यायची नाही. आठवड्याभरात त्याच गल्लीतली ऋतिका आली, तीही सूप घेऊन. मग तिच्या शेजारची. ज्या पोरींची नावं आम्ही मनातनं सोडून दिली होती त्या एकेक करून आल्या. सुपं भिंतीला लावून बसायच्या. मला खरंच बरं वाटायचं, कशाला खोटं बोलू.

मग फुफ्फुसाचा धडा आला. फळ्यावर मी श्वासनलिका काढली, वायुकोश काढले. समतानं हात न थांबवता विचारलं, "बाई, ही धूळ पार तिथपर्यंत जाती?"

"जाते."

"मग आईच्या तिथं गेली असंल."

मी हो म्हटलं. तिनं ओढणी नाकावर नीट ओढली आणि पुढचं पान कापायला घेतलं. त्या दिवशी मला माझ्या शिकवण्याची लाज वाटली, पण धडा पुरा केला. परीक्षेत येतो तो.

पूर्वपरीक्षेत समता वर्गात पहिली आली. सुलाबाईला कुणीतरी सांगितलं असणार. ती शाळेच्या गेटपर्यंत आली, आत काही आली नाही. मी गेले तर म्हणाली, "बाई, नर्स व्हईन म्हणती. व्हईल का वं?" मी म्हटलं, होईल, का नाही होणार. शब्द देऊन बसले.

आता विक्रम सरांचं सांगते. समाजशास्त्राचे मास्तर, तरणाताठा, कामाला वाघ. आजकाल शिकवण्यापेक्षा शिकवल्याचा फोटो महत्त्वाचा झालाय. वरून निरोप आला, दहावीसाठी काय विशेष वर्ग घेताय त्याचे फोटो ग्रुपवर टाका. विक्रम सर दुपारी मागच्या खोलीत आले. मी वाचत होते, पोरी ऐकत होत्या. त्यांनी फोटो काढला आणि आधी आम्हाला दाखवला. मी म्हटलं, "माझे डोळे मिटलेत, दुसरा काढा." त्यांनी दुसरा काढला. आण्णाप्पा सरांनी चष्मा वर करून बघितला, म्हणाले, फळा चांगला दिसतोय. सगळ्या स्टाफनं बघितला. विक्रम सरांनी तो ग्रुपवर टाकला.

फोटोत प्रत्येक पोरीच्या मांडीवर सूप होतं. आमच्यातल्या एकालाही ते दिसलं नाही.

लोकांना हे खरं वाटत नाही. पुढं चौकशी झाली तेव्हाही वाटलं नाही. पण निपाणीत या आणि बघा. माझी आई सूप घेऊन बसायची, आण्णाप्पा सरांची आत्या बसायची, विक्रम सरांच्या घरी अजून बसतात. आमच्याकडे बाईच्या मांडीवर सूप नसलं तर आम्ही विचारतो, बरं नाही का आज? अंगावरच्या लुगड्यासारखं ते. त्याच्याकडे कोण बघतं?

वर कुणीतरी लांबच्या गावचा साहेब होता, त्यानं बघितलं.

जीप आली तेव्हा मी प्रकाशाचा धडा नुकता काढला होता. साहेब, दोन पोलीस, एक मॅडम. आण्णाप्पा सर पुढं होऊन म्हणाले, "हे माझं काम. यांना कुणाला काही विचारू नका."  सुपं जप्त केली. पोरींना जीपमधून समजावून सांगायला नेलं आणि संध्याकाळी परत आणून सोडलं. प्रत्येकीच्या हातात एक छापील पुस्तक, शिक्षण हा तुमचा हक्क आहे. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, शाळेतच बिडीचा कारखाना. सर सस्पेंड झाले. नोकरीत एक डाग नसलेला माणूस, शेवटच्या चार महिन्यांत मान खाली घालून घरी गेला. विक्रम सर स्टाफरूममध्ये रडले. मी त्यांना काय बोलणार होते, डोळे तर माझेही उघडेच होते त्या फोटोत.

तरी मला वाटलं होतं, पोरी येतील. सूप नाही तर नाही, निदान सकाळच्या तासांना तरी येतील. एकही आली नाही.

गल्लीच्या तोंडाशी भावकू मुकादम पान वाटत बसतो. त्यानं सगळ्या बायकांना सांगून टाकलं होतं, ज्या घरची पोरगी शाळेला जाईल त्या घराला पान नाही. मी त्याच्यावर धावूनच गेले. लाज वाटत नाही का म्हणाले, आणखी बरंच काही म्हणाले. लोक गोळा झाले.

भावकू उठून उभा राहिला. "बाई, माझं बी ऐका. घरात पोरी वळतात ते काय आजचं हाय? आजपतुर कोण आलतं? पोरगी शाळेला गेली, आन् तिच्यामागनं जीप आली. मालकानं मला इचारलं, तुझ्या गल्लीतल्या किती पोरी शाळेला जातात? मी काय सांगू? मला बी प्वॉट हाय."

मी पाय आपटत घरी आले. त्या रागानं मला रात्रभर झोप आली नाही.

फेब्रुवारीत शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे निघाला. असली कामं आमच्याच गळ्यात पडतात. मला नेमकी मागची गल्ली मिळाली, आणि बरोबर तोच जीपवाला साहेब. त्याला मराठी येत नव्हतं, मी कन्नडमध्ये सांगायचं. ज्या घरी सगळं ठीक त्या दारावर खडूनं बरोबरची खूण करायची. साहेबांकडे खडू नव्हता, मी माझ्या पर्समधला दिला.

सुलाबाईचं दार आलं. ती भिंतीला टेकून पडली होती. समता तिथंच, त्याच जागी, मांडीवर नवं सूप. पुढ्यात पुस्तक नव्हतं. मला बघून ती हसली. वाळून गेली होती पोरगी.

"शाळेत का जात नाही म्हणून विचारा," साहेब म्हणाले.

मी विचारलं. सुलाबाईनं आधी साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं न्हाय तिला," ती म्हणाली.

साहेबांची नजर सुपावर गेली. या वेळीही त्यांना ते दिसलं, मी शपथेवर सांगते. शाळेत फोटोत दिसलेलं, इथं तर हातभर अंतरावर होतं. ही बिड्या वळते म्हणून शाळा सुटली, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. सांगितलं तर आज संध्याकाळी कार्ड जाणार, आणि सुलाबाईचा दवाखाना त्या कार्डावर. नाही सांगितलं तर पोरीची दहावी जाणार. 

"घरात आईला मदत करते ना, एवढंच," साहेब स्वतःच म्हणाले. "नाव पटावर आहे?"

"आहे."

"मग शाळाबाह्य नाही."

ते बाहेर वळले. समतानं हळूच विचारलं, "बाई, धडा कुठला चाललाय?"

"प्रकाश. तुम्ही पोरी होता तेव्हाचाच, पुढं गेलाय."

"जरा सांगा की मोठ्यानं. हात मोकळं न्हायत."

मी उंबऱ्यावर उभी राहून सुरू केलं. प्रकाशकिरण आरशावर पडतो तेव्हा काय होतं, इथपासून. माझा आवाज नेहमीसारखाच मोठा निघाला. तशी सुलाबाई भिंत धरत उठली.

"नगा बाई," ती म्हणाली. "जीप हाय गल्लीत. भावकू बघंल." आणि तिनं दार लावून घेतलं.

आतून पान कापायचा आवाज येत होता. साहेबांनी वाकून त्या बंद दारावर माझ्या खडूनं बरोबरची खूण केली.