मूठबाबांची डावी मूठ

बाजारामागच्या पार्किंगमध्ये त्या दिवशी गाड्यांपेक्षा माणसंच जास्त होती. कोणी सीटवर उभं होतं, कोणी भिंतीवर चढलं होतं, आणि मधोमध एका मोटारसायकलीला खेटून स्टुलावर मूठबाबा बसले होते. बाबांचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची कोणाची छातीही नव्हती. हँडलची जुनी मूठ काढायची, नवी रबरी मूठ मंतरून बसवायची आणि त्या मुठीकडून गाडीवाल्याच्या हाताची सगळी दुखणी ओढून घ्यायची, असा त्यांचा कारभार होता.

गर्दीत पार्लरवाली नाक मुरडून उभी होती. ती आली होती नवऱ्याच्या हट्टाखातर. नवरा कुरिअरवाला, दिवसभर गाडीवर. गेले काही महिने त्याच्या उजव्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत होत्या. हातातला कप सुटून दोनदा फुटला तेव्हा तिने त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की मनगटात नस दाबली गेली आहे, पट्टा बांधा, तपासणी करून घ्या. हयगय केलीत तर अंगठ्यातली ताकद जाईल आणि गेलेली ताकद परत येईलच असं नाही.

तेवढ्यात त्याला बाबा भेटले. बाबांनी मुठी बदलल्या आणि बजावलं की एका हँडलवर दोन श्रद्धा चालत नाहीत. झालं, पट्टा गेला माळ्यावर आणि तपासणी गेली बोंबलत. नव्या मुठींनी थोडं बरं वाटलं हेही खरं, त्यामुळे नवरा हवेतच होता. पण सकाळी शर्टाचं बटण लावताना तो हल्ली पाठ फिरवायचा. बायकोला ते दिसत होतं. तिला राग येत होता आणि रागाहून जास्त भीती वाटत होती.

इकडे बाबांचं सुरू झालं. "रबर म्हणजे झाडाचं रक्त. लोखंड म्हणजे पृथ्वीचं हाड. या दोघांची सोयरीक जुळवणारा या पृथ्वीतलावर एकच माणूस आहे." तो माणूस कोण, हे विनयामुळे त्यांनी सांगितलं नाही, फक्त स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

मग त्यांनी शेजारच्या जिमवाल्याला पुढे बोलावलं. त्याचे दंड पाहूनच लोक बाजूला सरकत. त्याने नवी मूठ डाव्या हँडलवर दाबली, पिळली, दात-ओठ खाल्ले. मूठ अर्ध्यावर जाऊन अडकली ती अडकलीच. बाबा हसले. त्यांनी ती ओढून काढली, भगव्या कापडात गुंडाळलेल्या बाटलीतून आत मंतरलेल्या पाण्याचा फवारा मारला आणि एका बोटाने ढकलली. मूठ सरकन आत गेली. गर्दीतून 'अहाहा' निघालं.

"आता सगळ्यांनी डोळे मिटा," बाबा म्हणाले. "मी मंत्र म्हणतो. ज्याचा डोळा उघडेल, त्याची मूठ सुटेल."

मंत्र बराच लांबला. बाबांनी डोळे मिटायला सांगितले होते, नाक मिटायला नव्हे. आणि पार्लरवालीचं नाक तर रोज दहा-बारा तास वासांतच वावरणारं. धुपाच्या आडून एक ओळखीचा वास आला. आपण पार्लरमध्येच उभ्या आहोत असं तिला क्षणभर वाटलं. मंत्र संपल्यावर जिमवाल्याने मूठ ओढली, त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, आख्खी गाडी हलली, पण मूठ तसूभर हलली नाही. लोक पाया पडायला धावले. ती मात्र हसू दाबत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती स्पेअर पार्टच्या दुकानात गेली. दुकानदाराने तिच्यापुढे मुठींचा ढीग ओतला: बारीक, जाड, खाचांच्या, गुळगुळीत. त्याने समजावलं की डावी मूठ नुसत्या नळीवर बसते म्हणून आतून अरुंद असते, उजवी अ‍ॅक्सिलरेटरच्या पाइपवर चढते म्हणून जरा रुंद. जाड आणि मऊ घेतली की हादरे कमी लागतात. नवऱ्याला बरं का वाटत होतं, ते तिथेच कळलं. जुन्या मुठी झिजून दगड झाल्या होत्या. कोणीही बदलल्या असत्या तरी तेवढा आराम पडलाच असता. बाबा कोणत्या नेतात, असं तिने सहज विचारलं. दुकानदाराने डोळा मिचकावून त्याच ढिगाकडे बोट दाखवलं.

पुढच्या बैठकीला ती लाल कापडात गुंडाळलेली स्वतःची बाटली घेऊन हजर झाली. मलाही एकदा बसवून पाहू द्या, म्हणाली. गर्दी हसली, बाबाही हसले आणि मोठ्या मनाने बाजूला झाले. तिने फवारा मारला, मूठ ढकलली, सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि गंभीर आवाजात मंत्र सुरू केला: "ओला टॉवेल गादीवर, मोजे सोफ्याखाली, दिवा चालू, गॅसपाशी चहाचे डाग, विचारलं तर म्हणे मी नाही." नवऱ्याने कान पाडले. मंत्राला तोटा नव्हता, तो पंधरा-वीस मिनिटं आरामात चालला. मग जिमवाला पुढे आला. त्याने ओढलं, पिळलं, घाम पुसला. मूठ जागची हलली नाही.

सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. बाबा मात्र मुरलेले होते. त्यांनी हात जोडले. "माई, तुमच्यात माझाच अंश उतरलाय."

आणि बघता बघता एक आजी खरंच पार्लरवालीच्या पायाशी वाकल्या. मागून दोघं-तिघं सरसावले. एक बाबा घालवायला आलेल्या बाईने तिथे दुसरी माता उभी केली होती. तिने घाईने पाय मागे घेतले आणि बाटलीवरचं कापड ओढून काढलं.

"हा हेअरस्प्रे आहे. नवरीचा अंबाडा दिवसभर जागचा हलत नाही, तो याच्यामुळे. ओला असतो तोवर निसरडा असतो, म्हणून मूठ सरकते. त्यातलं अल्कोहोल उडून गेलं की उरतो तो डिंक. डिंक वाळायला वेळ लागतो, म्हणून मंत्र लांब असतो." मग तिने विणकामाची सुई मुठीखाली सारली, फटीत पाणी सोडलं आणि मूठ पिळून अलगद बाहेर काढली.

"बाटली काहीही असू दे," बाबा म्हणाले. "शक्ती हातात असते."

"मग माझाही हात नको. अहो, तुम्ही या. मंत्र नाही, आणि डोळे सगळ्यांचे उघडे."

नवरा नाखुशीने पुढे आला. त्याने नळी आणि मूठ पुसून घेतली, उजव्या हातात बाटली धरली आणि अंगठा वरच्या बटणावर ठेवला. बटण दबलं नाही. त्याने पुन्हा जोर केला. अंगठा घसरला. त्याने बाटलीकडे पाहिलं, बटण अडकलंय का म्हणून. बटण चांगलं होतं. कोणी हसलं नाही. मदतीला पुढे झालेला हात पार्लरवालीने मागे घेतला.

शेवटी त्याने बाटली डाव्या हातात घेतली. फवारा उडाला, मूठ सरकली. मग सगळे नुसते थांबले. बाबांच्या बाजूने स्टूल उचलल्याचा आवाज आला, पण तिकडे वळून कोणी पाहिलं नाही. वाळेल एवढा वेळ गेल्यावर जिमवाल्याने मूठ ओढली आणि मान हलवली. ती पक्की बसली होती.

"मूठ बसली," नवरा हळूच म्हणाला. "माझा हात तसाच आहे गं." आणि थोडं थांबून, "दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो?"

डॉक्टरीणबाईंनी आधी त्याला फैलावर घेतलं, मग तपासलं. पट्ट्यावर भागण्याची वेळ निघून गेली होती. मनगटाचं छोटं ऑपरेशन करावं लागेल, अंगठ्यात बरीचशी ताकद येईल, पण सगळी येईल असा शब्द आता देता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. सांगितलं तेव्हाच तपासणी करून घेतली असती तर शब्द दिला असता.

बाबांनी मूठ खरोखरच घट्ट बसवली होती, त्यात खोटं काहीच नव्हतं. खोटं होतं ते त्यापुढचं, की मूठ बसली म्हणजे दुखणं गेलं. तेव्हा चमत्कार दिसला तर बघावा, हवी तर टाळीही वाजवावी. पण त्याच्या भरवशावर औषध बंद करण्याआधी तीच गोष्ट मंत्र वगळून, डोळे उघडे ठेवून, आपल्या हाताने एकदा करून पाहावी. हात चालतोय तोवरच ती करून पाहता येते.