बापूरावांची सकाळची तक्रार

फाट्यावर मेकॅनिक एकच असला की गिऱ्हाइकाला वाटायला लागतं, हा आपल्या घरचाच गडी आहे. कोसंबी फाट्यावरच्या प्रफुलचं तेरा वर्षं हेच चाललं होतं. चिमूरकडून मोहर्लीकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर पुढे-मागे पंधरा किलोमीटरात पाना धरणारा दुसरा हात नव्हता. त्यामुळे पहाटे सफारीच्या जिप्सीवाल्यापासून दुपारच्या दूधवाल्यापर्यंत सगळे त्याच्या टिनाच्या शेडसमोर गाडी आडवी लावत आणि "पहिले माही पाय", म्हणजे आधी माझी बघ, असं म्हणत. पहिला कोण, यावरून ते आपसात कधी भांडत नसत. भांडत ते प्रफुलशी.

आणि एकेक नमुना असा की विचारू नका. एक गुरुजी मोबाइलवर व्हिडिओ पाहून येत आणि प्रफुलच्या खांद्यावरून वाकून त्याला कार्बोरेटर शिकवत. एक जिप्सीवाला घरीच अर्धं इंजिन उघडून आणायचा आणि चुंगडीत, म्हणजे पोत्यात भरून आणलेले नटबोल्ट जमिनीवर ओतून म्हणायचा, "आता जोड." एका बाईंच्या स्कूटीतला आवाज फक्त त्यांनाच ऐकू यायचा, प्रफुलला ऐकू आला नाही तर त्या म्हणायच्या, "तुमचं लक्ष नाई." लक्ष नव्हतंच. त्याचं लक्ष बल्लारपूरला होतं.

बल्लारपूरला त्याची बायको रिना एका दवाखान्यात नर्स होती. पाच वर्षांची खुशबू तिच्याजवळ राहायची, आणि प्रफुल दोन आठवड्यांतून एखादा रविवार बाप व्हायचा. आता तिथल्या एका ठेकेदाराच्या वर्कशॉपमध्ये जागा निघाली होती. ठरलेली वेळ, ठरलेली सुट्टी, आणि कोणत्याही गिऱ्हाइकाचं तोंड पाहायचं नाही. प्रफुलकडे आयटीआयचा कागद नव्हता, म्हणून मॅनेजर म्हणाला होता, "ग्रामपंचायतीचा दाखला आणा. इतकी वर्षं गाड्यांचं काम करतो, काम चांगलं आहे, एवढं लिहून आणा. शनिवारी संध्याकाळपर्यंत. नाहीतर दुसरा माणूस तयार आहे."

दाखला सरपंचाचा. सरपंच रुखमाबाई. पण शिक्का त्यांचे यजमान बापूराव यांच्या खिशात. रुखमाबाईंना काही विचारलं की त्या पदर सावरत म्हणायच्या, "ह्याईले विचारा." आणि बापूरावांना विचारलं की ते आपल्या मोटारसायकलकडे बोट दाखवायचे.

"दाखला देतो ना. नाई कोन म्हणते?" सोमवारी ते म्हणाले होते. "पण माही एक गाडी तुह्यानं सुधरून नाई राह्यली, अन् मी लिहून देऊ का, ह्याचं काम चांगलं हाये? शिक्का मारून खोटं बोलू का मी?"

बापूरावांसारखा माणूस खऱ्याच्या बाजूनं बोलायला लागला की समजावं, आपलं काही खरं नाही. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. प्रफुलनं ते धरले.

तक्रार अशी होती. सकाळी गाडी सुरू केली की एक्सिलेटर अडकायचा. मूठ पिळली की पिळलेलीच राहायची. सोडली तरी मागे यायची नाही आणि गाडी बोंबलत सुटायची. बापूराव मग शिव्या देत ती बंद करायचे, चहा प्यायचे, पेपर वाचायचे, चार माणसांची कामं अडवायचे आणि अकराच्या सुमारास चार किलोमीटरवरच्या गावातून फाट्यावर यायचे. तोवर ऊन चांगलं वर आलेलं. प्रफुल मूठ पिळायचा, तर ती लोण्यासारखी फिरायची.

"आता तर बराबर हाये, भाऊ."

"म्हंजे मी खोटा?"

तर तसं नाही. बापूराव खोटे कसे असतील! प्रफुलनं केबल काढून पाहिली, आत पिवळसर तेल होतं. केबलमध्ये तेल तो स्वतःच सोडायचा, त्यामुळे त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. मंगळवारी त्यानं नवी केबल टाकली. बुधवारी मूठ उघडून साफ केली. गुरुवारी कार्बोरेटर खोलला. "एक रात गाडी इथंच ठेवा," म्हणाला, तर बापूराव म्हणाले, "माही गाडी घराबाहेर झोपत नाई." आणि रोज सकाळी मूठ अडकत होती ती अडकतच होती. प्रफुलला वाटू लागलं, हा माणूस दाखला द्यायचा नाही म्हणून रोज एक नवी सकाळ रचून सांगतो.

शुक्रवारी बापूराव लंगडत आले. मूठ अडकून गाडी थेट तुरीच्या कुंपणात घुसली होती. गुडघा सोलला होता, धोतराला काटे होते आणि बरोबर साक्षीदार म्हणून दोन माणसं होती.

"मारून टाकतं का बे मले?" ते ओरडले. "तेरा वर्षं झाली म्हणते! तेरा वर्षं काय उपटलं तुनं इथं?"

शेडसमोरची सगळी गिऱ्हाइकं हसली. गुरुजी तर म्हणाले, "मी त्याले पहिलेच सांगून राह्यलो होतो." प्रफुलच्या कानशिलात आग उठली. हातातला पाना त्यानं इतका घट्ट धरला की बोटं दुखली. पण शिक्का समोरच्या सदऱ्याच्या खिशात होता, वरून त्याची गोल मूठ दिसत होती. "उद्या सकाळीच घरी येतो, भाऊ," तो म्हणाला. "तुमच्यासमोर काढून देतो दोष."

शनिवारी तो उजाडताच निघाला. शेड बंद पाहून दोन जिप्सीवाल्यांनी फोनवर त्याचा उद्धार केला, तो त्यानं ऐकून घेतला. जानेवारीची थंडी अशी की हँडलवर बोटं वळत नव्हती. गावात घरोघरी शेकोट्या पेटल्या होत्या. बापूरावांच्या अंगणात गाडी उभी होती आणि घर अजून उठायचं होतं.

प्रफुलनं मूठ पिळली. ती कष्टानं फिरली आणि तिथंच राहिली.

त्याला इतका आनंद झाला की तो एकटाच हसला. पाच दिवस लपलेला दोष आज सापडला होता. बापूराव खोटं बोलत नव्हते, याचासुद्धा त्याला आनंद झाला, म्हणजे बघा. त्यानं पटापट केबल सोडली, आतली तार ओढली. तारेला पांढरं, घट्ट काहीतरी चिकटलेलं होतं. त्यानं नखानं खरवडून बोटांत चोळलं, तर ऊब लागून ते विरघळलं आणि पिवळं तेल झालं. वास घेतला. हा वास त्याला लहानपणापासून ठाऊक होता. टोळीचं तेल! मोहाच्या बियांचं हे तेल थंडीत खोबरेलासारखं गोठतं आणि ऊन लागलं की पातळ होतं.

पण ते केबलमध्ये आलं कुठून, हे कळायला त्याला फार थांबावं लागलं नाही. मागच्या दारातून दादाजी आले. हे बापूरावांचे वडील, ऐंशीच्या घरातले. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात कोंबडीचं पीस.

प्रफुलला पाहून म्हातारा जागीच थबकला.

"बाबाजी, तुमी टाकता हे?"

"हळू बोल, बापा." दादाजी जवळ आले. "रोज सकाळी पोरगा बोंबलते, जाम झाली, जाम झाली. सुकी चीजच जाम होते ना? मी साठ वर्षं बंडीच्या आखाले हेच तेल देलं. कधी आवाज नाई केला चाकानं. म्हणून रोज संध्याकाळी पिसानं दोन थेंब सोडतो. जास्त जाम झाली तं सकाळी बाटली शेकून अजून दोन सोडतो."

म्हणजे गाडी जितकी अडके तितकं म्हातारा तेल घाली, आणि तेल जितकं घाली तितकी ती अडके. प्रफुलला हसावं की रडावं कळेना.

"बाबाजी, त्याच्यानंच अडकते. काल तुमचा पोरगा कुंपणात गेला तो ह्याच्यानंच."

दादाजींचा चेहरा पडला. मग त्यांनी हात जोडले. "त्याले नोको सांगू. मागच्या साली माह्या हातानं पाण्याची मोटार जळली. तवापासून म्हणते, आता घरातल्या कशाले हात लावला तं वावरातल्या झोपडीत नेऊन ठेवीन. तिथं वाघ फिरून राह्यला, बापा. मी नाई टाकणार आता. मायची आन."

तेवढ्यात कडी वाजली. दादाजी बाटली धोतरात लपवून मागच्या दारानं आत गेले आणि पुढच्या दारातून बापूराव बाहेर आले. ब्लँकेट अंगावर, शिक्का सदऱ्यात. रात्रीही तो सदऱ्यातच असावा.

"सापडलं?"

"सापडलं, भाऊ. केबलमधलं तेल गोठून राह्यलं थंडीनं."

"तेल? तेल कोनं टाकलं?"

आता हा प्रश्न येणार हे कुणालाही कळलं असतं. प्रफुललाच कळलं नव्हतं. त्यानं दाराकडे पाहिलं. आत अंधारात म्हातारा उभा होता, त्याचे जोडलेले हात तेवढे दिसत होते. आणि प्रफुलच्या तोंडून निघून गेलं, "मीच टाकलं, भाऊ. तेल चुकीचं होतं. आता साफ करून देतो, पुन्हा नाई अडकणार."

त्याला वाटलं होतं, चार शिव्या मिळतील. शिव्यांची त्याला सवय होती. पण बापूरावांनी शिवी दिली नाही. ते शांतपणे पायरीवर बसले.

"म्हंजे तुह्याच तेलानं मी कुंपणात गेलो. अन् पाच दिवस तू माह्यापासून दाखला मांगून राह्यला. सांग आता, काय लिहू? तेरा वर्षं झाली, पन कोनतं तेल कुठी टाकाव हे अजून समजत नाई, असं लिहू?"

प्रफुल कामाला लागला. केबल पेट्रोलनं धुतली, बसवली, मूठ पिळून दाखवली. मूठ अशी फिरली की जणू कधी अडकलीच नव्हती. दोष निघाला, गाडी सुधारली आणि दाखला गेला. परतताना त्याला स्वतःचा असा संताप आला, असा संताप आला, की रस्त्यात गाडी थांबवून तो एका सागाला लाथ मारून आला. कोण लागतो तो म्हातारा आपला? आपली पोर तिकडे बापाविना वाढते आणि आपण लोकांच्या बापांची अब्रू झाकत फिरतो! बल्लारपूर गाठायला बारा वाजता चंद्रपूरची बस होती. अजून वेळ होता.

अकराला बापूराव फाट्यावर आले, गाडी किती मऊ चालते हे सगळ्यांना सांगत. शेडसमोर गुरुजी होते, जिप्सीवाले होते. प्रफुल हात पुसत समोर गेला.

"भाऊ, सकाळी मी खोटं बोललो. तेल मी नाई टाकलं. ते टोळीचं तेल होतं. तुमचे बाबा टाकत होते, पिसानं. मले काम येते, भाऊ. दाखला द्या."

वावरातली झोपडी त्याच्या डोळ्यांपुढे आली आणि तरीही तो बोलला.

बापूरावांनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. मग खिशातून मोबाइल काढला, घरी लावला आणि आवाज मोठा केला. "बाबा, खरं सांगा. माह्या गाडीत टोळीचं तेल तुमी टाकत होते का?"

पलीकडून आधी कोंबड्यांचा आवाज आला. मग दादाजी म्हणाले, "मी? मले काय समजते गाडीतलं? मी काऊन हात लावू?"

बापूरावांनी फोन खिशात ठेवला. "ऐकलं?" ते लोकांना म्हणाले. "सकाळी सोताच्या तोंडानं कबूल केलं, अन् आता म्हाताऱ्याचं नाव सांगते." गुरुजींनी च् च् केलं. जिप्सीवाला म्हणाला, "असं नाई कराव, प्रफुल." आणि आजवर ज्याच्यावर सगळे हसत होते, त्याच्याकडे आता कोणी पाहीना.

म्हातारा सुटला, हे प्रफुलला कळत होतं. कुठंतरी आत त्याला हायसंही वाटलं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला म्हातारा सुटायला नको होता, बस हवी होती. स्वतःविषयी हे कळणं त्याला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

"उद्यापासून सकाळी सातले घरी येत जा," गाडीवर बसत बापूराव म्हणाले. "तू पाहिल्याबिगर मी गाडी सुरू नाई करणार. तुह्यावर भरोसा नाई राह्यला."

बाराची बस आली. कंडक्टरनं दारातून हाक मारली. प्रफुलनं हातानंच नाही म्हटलं आणि बस गेली. गुरुजींनी आपली गाडी पुढे सरकवली, "आता माही पाय." तेवढ्यात रिनाचा फोन आला.

"निघाले का? वर्कशॉप पाच वाजता बंद होते."

"नाई. दाखला नाई भेटला."

"काऊन?"

मागून खुशबूचा आवाज आला, "बाबा येऊन राह्यले का?"

रिनानं फोन बाजूला धरला असावा, पण तिचं बोलणं त्याला स्वच्छ ऐकू आलं. "नाई, बेटा," ती म्हणाली. "बाबा तिकडंच राह्यते."